फँटमकाका

फँटमकाकांचं खरं नाव सोसायटीच्या पाटीवर आहे, पण आता ते पोस्टमनलाही लागत नाही. हे नाव पडलं गणेशोत्सवात. कुणीतरी हौसेने आणलेला नवा कंडेन्सर माइक मांडवात तोंडच उघडेना. पोरं वायर हलवतायत, अध्यक्ष माइकवर टिचक्या मारतायत, आणि काका खुर्ची मागे सारून उठले. ‘‘त्याला अठ्ठेचाळीस व्होल्ट लागतात!’’ म्हणाले. इथे थांबले असते तर काही झालं नसतं. पण काकांनी मग फँटम पॉवर ही काय चीज आहे ते सांगायला घेतलं. आवाज ज्या वायरीतून येतो त्याच वायरीतून उलट माइककडे वीज धाडायची, ही ती युक्ती. बरं, अठ्ठेचाळीसच का? तर १९६६ साली न्यूमन या जर्मन कंपनीने नॉर्वेच्या रेडिओसाठी माइक केले. तिकडे हिवाळ्यात उजेड कमी, म्हणून स्टुडिओत ४८ व्होल्टवर चालणारे आणीबाणीचे दिवे आधीपासून होते. वीज आयतीच हाताशी होती, ती घेतली, आणि तो आकडा जगभर पक्का झाला.

माहिती सोळा आणे खरी. तबकातला कापूर उडून चालला होता, आरती खोळंबली होती. शेवटी मांडववाल्याचा पोरगा आला, त्याने मिक्सरवरचं एक बटण दाबलं आणि माइक बोलू लागला. बटणावर ‘४८’ असंच लिहिलेलं होतं. काकांचं निदान अचूक होतं. फक्त ते बटण त्यांच्या हाताखाली असून त्यांनी दाबलं नव्हतं.

या एका प्रसंगात सगळे काका आले.

काकांना घरी गाणं रेकॉर्ड करायचंय. ते गातात बरं. वडिलांची जुनी हार्मोनियम आहे, तिच्यावर स्वतः बांधलेल्या चाली आहेत, काही अभंग, काही भावगीतं. नाट्यगीताचं वळण थोडं जास्त आहे, पण कोथरूडात ते चालतं. या चाली नीट नोंदवून ठेवाव्यात, अशी त्यांची इच्छा. त्यासाठी लागतो ऑडिओ इंटरफेस. म्हणजे पेटीएवढी नव्हे, पानाच्या डब्याएवढी एक डबी. एका बाजूने माइक खुपसायचा, दुसऱ्या बाजूने कॉम्प्युटरला जोडायची. माइकमधून येणारी विजेची बारीकशी थरथर ती मोठी करते, सेकंदाला ४४ हजार १०० वेळा मोजते, आणि ते आकडे कॉम्प्युटरला देते. परत येताना आकड्यांचा आवाज करून हेडफोनला देते. झालं. साधारण पाच हजारांपासून चांगल्या मिळतात, आणि वीस हजारांत तर घरच्या गायकाला आयुष्यभर पुरेल अशी मिळते.

ही डबी घ्यायचा काकांचा संकल्प २०११ सालचा.

त्या वर्षी फोकसराइट कंपनीची स्कारलेट नावाची तांबडी डबी बाजारात आली. काकांनी तिच्याविषयी वाचलं आणि त्यांना ती आवडली. पण ‘‘पहिल्या पिढीत दोष असतात,’’ म्हणून थांबले. २०१६ साली दुसरी पिढी आली. आता घ्यायचीच, असं ठरवून काकांनी आधी एक उत्तम, चौकोनी तोंडाची यूएसबी केबल आणली, कारण खोक्यात येणारी केबल कधीही चांगली नसते असं त्यांचं मत. मग डबी कुठून घ्यावी याचा अभ्यास सुरू झाला. तो चालू असतानाच २०१९ साली तिसरी पिढी आली आणि तिला केबल चपट्या तोंडाची, टाइप-सी. ती आधीची केबल आता काकांच्या प्रिंटरला आहे. छपाई अतिशय स्वच्छ येते, असं काका सांगतात.

२०२३ साली चौथी पिढी आली. तिच्यातल्या दोन माइकवाल्या डबीत अशी सोय आहे की तुम्ही काही सेकंद गा, ती ऐकून आवाजाची पातळी आपणच लावून घेते. काका हरखले. त्यांचं गाणं इतकं लक्ष देऊन ऐकणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. पण मग कुणीतरी त्यांना सांगितलं की हल्ली कंपन्या तीन-चार वर्षांनी नवं काढतात. काकांनी हिशेब केला आणि थांबले. इंटरफेसच्या चार पिढ्या झाल्या. काकांच्या घरात तेवढ्यात तीन. नातू आता त्याच हार्मोनियमच्या भात्यात खेळण्यातल्या गाड्या घालतो.

सोसायटीत काही जण म्हणतात, की काका घाबरतात. स्वतःचा आवाज टेपवर ऐकायची भल्याभल्यांना धास्ती असते, कारण बोलताना आपण आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकतो आणि टेपवर तो भरदारपणा गायब होतो. मला हे निदान पटत नाही. कोजागिरीला गच्चीवर काका दूध आटेपर्यंत गातात, लोक उठून गेले तरी गातात. घाबरणारा माणूस असा गात नाही. खरं कारण त्यांच्या नोकरीत आहे. काका एका बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त झाले. आपल्या सहीचं एकही कर्ज बुडालं नाही, असं ते अभिमानाने सांगतात. आपल्या सहीने किती कर्जं दिली गेली, ते मात्र सांगत नाहीत.

इंटरफेसचीही त्यांच्याकडे फाइल आहे. एक्सेलमधली. उजवीकडे सरकत राहिलं तर माणूस दमतो एवढे रकाने. बेहरिंगर यूएम-२, फोकसराइटचे सोलो आणि टू-आय-टू, ऑडियंटचा इव्हो-४, मोटूचा एम-२, एसएसएल-२, युनिव्हर्सल ऑडिओचा व्होल्ट. वधूवरसूचक मंडळात मुलीचा बाप पत्रिका चाळतो तशी काका ही यादी चाळतात: याचे गुण जुळतात पण घराणं नवीन, त्याचं घराणं थोर पण मंगळ आहे. शेवटचा रकाना शेऱ्यांचा. यूएम-२ समोर लिहिलंय, ‘४८ किलोहर्ट्झवर थांबतो. महत्त्वाकांक्षा कमी.’ एम-२ ला पुढच्या बाजूला आवाजाची पातळी दाखवणारा चिमुकला पडदा आहे, त्यासमोर, ‘पडदा आकर्षक. गरज सिद्ध करावी.’ इव्हो-४ वर सगळ्या कामांना मिळून एकच मोठं बटण. शेरा, ‘एकहाती कारभार. फेरसादर करावे.’ एसएसएल-२ आणि व्होल्टवर जुन्या यंत्रांचा थोडा रंग आवाजाला चढवणारी खास बटणं आहेत; त्या दोघांना मिळून, ‘पूर्वजांच्या पुण्याईवर विसंबून.’ आणि टू-आय-टू समोर गेली कित्येक वर्षं एकच शब्द: ‘विचाराधीन.’

या टू-आय-टूवर त्यांचा जीव आहे, हे शेऱ्यावरून कळणार नाही. फोकसराइट १९८५ साली रूपर्ट नीव्ह यांनी काढली आणि बीटल्सच्या जॉर्ज मार्टिन यांच्या एअर स्टुडिओला त्यांनी यंत्रं करून दिली, हे काका भाजीवालीलाही सांगतात. मालकी पुढे बदलली, डबी आता सर्वसामान्यांची झाली, पण मूळ पुरुष नीव्ह. ते फेब्रुवारी २०२१ मध्ये गेले, तेव्हा काकांनी दिवसभर हार्मोनियमला हात लावला नाही. काकू म्हणाल्या, ‘‘अहो, एरवी तरी कुठे लावता?’’

आकड्यांवर काकांचं प्रेम जरा जास्तच. त्यांना १९२ किलोहर्ट्झ हवेत. म्हणजे सेकंदाला एक लाख ब्याण्णव हजार वेळा मोजणी. जितक्या वेळा मोजाल त्याच्या निम्म्यापर्यंतची कंपनं पकडता येतात, हा यातला नियम. म्हणजे ९६ हजारांपर्यंतची. आता धडधाकट तरुण कान ऐकतो वीस हजारांपर्यंत, आणि साठीच्या पुढे बारा-तेरा हजार ऐकू आले तरी देवाचे आभार मानावेत. वरची सगळी कंपनं काका कुणासाठी नोंदवणार? कुत्र्यांना त्यातली काही ऐकू येतील. उरलेली वटवाघळांना. मी हे बोलून दाखवलं तेव्हा काका गंभीरपणे म्हणाले, ‘‘अरे, आज नसेल ऐकू येत. पण नोंद राहायला नको?’’ बँकेतला माणूस.

दुसरा आकडा प्रीअँपच्या सुरसुरीचा. माइकचा आवाज मोठा करणाऱ्या सर्किटची स्वतःची एक बारीक सुरसुर असते. ती चांगल्या डबीत उणे १२८ डेसिबलच्या आसपास, स्वस्तात त्याहून थोडी जास्त. या तीन-चार डेसिबलवरून काका रात्री जागलेत. आणि काकांची खोली कशी आहे? वर पंखा, त्याचं एक पातं वाकडं. भिंतीपलीकडे फ्रिज. वरच्या मजल्यावर मिक्सर, समोर कुकर, खिडकीशी कोकिळा, आणि दर सकाळी ‘भंगारवालेऽऽ’ अशी स्वतःच रेकॉर्ड करून ठेवलेली आरोळी कर्ण्यातून सोडत जाणारी हातगाडी. आमच्या गल्लीत आवाज रेकॉर्ड झालेला एकमेव कलाकार तो. त्याने काही उणे १२८ बघितलं नसावं, पण त्याचा एकेक शब्द तिसऱ्या मजल्यापर्यंत स्वच्छ ऐकू येतो, आणि त्याचा धंदा चालतो.

तिसरी धास्ती लेटन्सीची. तुम्ही गाता ते कॉम्प्युटरमध्ये जाऊन हेडफोनमध्ये परत येईपर्यंत थोडा उशीर होतो. कॉम्प्युटर आवाजाचे आकडे मूठमूठ करून घेतो. २५६ आकड्यांची एक मूठ म्हणजे जेमतेम सहा मिलिसेकंद, जाऊन-येऊन दुप्पट आणि वर थोडं. विंडोजवर हा उशीर कमी ठेवायला एएसआयओ जातीचा ड्रायव्हर लागतो. ही सोय स्टाइनबर्गने १९९७ साली काढली, आणि डबीच्या कंपनीने तो ड्रायव्हर स्वतः दिलेला असावा. हा एक मुद्दा काकांनी अगदी बरोबर धरलाय. शिवाय बहुतेक डब्यांवर डायरेक्ट मॉनिटर नावाचं बटण असतं. ते दाबलं की तुमचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट कानात येतो, उशिराचा प्रश्नच मिटतो. हेही काकांना माहीत आहे. तरी ते सहा मिलिसेकंदांसाठी कासावीस होतात. गच्चीवर तबलजी दोन मीटरवर बसतो. आवाज हवेतून सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे तबल्याचा बोल काकांपर्यंत पोचायलाही तेवढेच सहा मिलिसेकंद लागतात, ते कुणाला कळत नाहीत. आणि खुद्द काका समेवर अर्धी मात्रा उशिरा येतात. मध्यलयीत त्याचे अडीचशे मिलिसेकंद होतात. ते सगळ्यांना कळतात.

डबी सोडून बाकी सगळं मात्र घरात आलंय. माइक आहे, तोही कंडेन्सर, अठ्ठेचाळीस व्होल्ट मागणारा; अजून एकदाही त्याला ते मिळालेले नाहीत. माइकच्या पुढे लावायची जाळी आहे, ‘प’ आणि ‘फ’ चा फटका अडवणारी; काकू तिच्यातून चहा गाळत नाहीत, हे त्यांचे उपकार. लांब हाताचा स्टँड आहे, त्यावर पावसाळ्यात टॉवेल वाळतात. भिंतीवर काळ्या स्पंजचे टोकेरी चौकोन आहेत. या चौकोनांबद्दल एक सांगायला हवं. ते बाहेरचा आवाज अडवत नाहीत. पातळ स्पंजने खोलीतला घुमार थोडा, तोही फक्त वरच्या पट्टीतला, कमी होतो. कुकर आत येतो तो येतोच. हे काकांना ठाऊक होतं. त्यांनी ते लावून झाल्यावर सांगितलं. काकू त्या भिंतीकडे बघून एकदाच म्हणाल्या, ‘‘पाहुणे विचारतात, ओल आलीय का?’’

मागच्या वर्षी तळेगावच्या भाचीने फोन केला. ‘‘मामा, मला पाळणे रेकॉर्ड करायचेत. कुठला इंटरफेस घेऊ?’’ काका पाऊण तास बोलले. नॉर्वे झालं, नीव्ह झाले. शेवटी तिने विचारलं, ‘‘म्हणजे साधा, एका माइकचा चालेल ना?’’ काका म्हणाले, ‘‘तुला चालेल.’’ तिने त्याच आठवड्यात काकांच्या यादीतला सगळ्यात वरचा, म्हणजे सगळ्यात स्वस्त घेतला. कपड्यांचं कपाट उघडलं, लटकलेल्या साड्यांमध्ये तोंड घालून गायली, ऑडॅसिटी या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर नोंदवलं, आणि रात्री पाळणा सगळ्या नातेवाइकांच्या फोनवर. काकूंनी तो लागोपाठ ऐकला आणि डोळे पुसले. काकांनी हेडफोन लावून ऐकला आणि म्हणाले, ‘‘‘स’ जरा टोचतो.’’ खरंच टोचत होता. पण बाळ झोपलं.

मी एकदा काकांना १९०२ सालची गोष्ट ऐकवायचा प्रयत्न केला. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला आला, नोव्हेंबरात हॉटेलच्या खोलीत त्याने मेणाच्या तबकड्या मांडल्या, आणि गौहरजान कर्ण्यात तोंड घालून गायली. माइक नाही; माइक लावून रेकॉर्ड करणं १९२५ च्या सुमारास रूढ झालं. वीज नाही, हेडफोन नाही, चुकलं तर तबकडी वाया. वेळ तीन मिनिटांच्या आसपास, त्यात ख्याल बसवायचा आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नावही सांगायचं. सव्वाशे वर्षांनी लोक ते ऐकतात. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘पण तिला पर्याय किती होते?’’ या प्रश्नावर मी निरुत्तर झालो, कारण काकांच्या व्याधीचं याहून नेमकं वर्णन मला करता आलं नसतं.

अमेरिकेतल्या स्प्रिंगस्टीनचं उदाहरण मी मग काढलंच नाही. त्याने १९८२ साली आलेला ‘नेब्रास्का’ हा अख्खा अल्बम घरी, कॅसेटवर चालणाऱ्या चार ट्रॅकच्या टीॲकवर, शूअरचे दोन साधे माइक लावून नोंदवला होता. काका म्हणाले असते, आधी कॅसेट कुठल्या कंपनीची ते सांग.

पण काकांचा खरा दरबार घरी नाही. लक्ष्मी रस्त्याच्या एका बोळात वाद्यांचं दुकान आहे. तिथे काका ‘फक्त बघायला’ म्हणून जायला लागले, त्याला जमाना झाला. सुरुवातीला दुकानदार खोकी उघडून दाखवायचा. मग वैतागला. मग एकदा त्याच्या लक्षात आलं की काका बोलायला लागले की शेजारचं गिऱ्हाईक घेऊन जातं. तेव्हापासून काकांना काउंटरशेजारी स्टूल आहे आणि संध्याकाळचा चहा आहे. आणि त्या स्टुलावरचे काका बघण्यासारखे असतात, कारण दुसऱ्याचं प्रकरण ते मिनिटात मंजूर करतात.

परवाच हडपसरचा एक पोरगा आला, रॅप करणारा. गोंधळलेला, फोनवर वीस पानं उघडलेली. काकांनी त्याचा फोन उलटा करून काउंटरवर ठेवला.

‘‘एका वेळी माइक किती लावणार?’’

‘‘एकच.’’

‘‘बीट लॅपटॉपवरच ना? विंडोज? मग एक माइकवाला बास. ड्रायव्हर कंपनीचा आहे ना, तेवढं बघ. माइक कंडेन्सर असेल तर फँटमचं बटण हवं. हेडफोनचा आवाज वेगळा लहान-मोठा करता यायला हवा. डायरेक्ट मॉनिटर हवा. संपलं.’’

‘‘काका, एकशे ब्याण्णव...’’

‘‘त्या नादी लागू नकोस! अठ्ठेचाळीस किलोहर्ट्झ, चोवीस बिट लाव आणि गा. सगळ्यात जोरात ओरडशील तेव्हा काटा उणे दहाच्या आसपास राहू दे. तांबडा दिवा लागला की तो शब्द गेला, नंतर कुणाच्या बापाला दुरुस्त करता येत नाही. उरलेले पैसे माइकला घाल. आणि घरातल्या रजया काढ, पाठीमागे टांग. स्पंज घेऊ नकोस.’’

पोरगा अर्ध्या तासात बिल करून गेला. त्याच्यामागे एक तबल्याचे क्लास घेणाऱ्या बाई होत्या. त्यांना काकांनी दोन माइकवाला घेऊ दिला नाही: तबल्याला एक, डग्ग्याला एक, मग गाणाऱ्याने कुठे जायचं? चार माइकवाला घ्या. त्यांनी तोच घेतला. काकांचा चहा निवला होता, तो दुकानदाराने बदलून दिला.

मी धीर करून म्हटलं, ‘‘काका, तुम्हाला आवाजाला एक आणि पेटीला एक. दोन माइक. टू-आय-टू समोरच ठेवलाय. तुमच्याच हिशेबाने घ्यायला हरकत नाही.’’

काकांनी खोकं हातात घेतलं, उलटं केलं, खालची बारीक अक्षरं चष्मा वर करून वाचली आणि परत जागेवर ठेवलं. ‘‘माझी केस जरा वेगळी आहे,’’ म्हणाले.

तर तुम्हाला घरी रेकॉर्डिंग सुरू करायचं असेल आणि डबी कुठली घ्यावी कळत नसेल, तर संध्याकाळी सहानंतर त्या दुकानात जा. काका स्टुलावर असतात. ते विचारतील त्याची खरी उत्तरं द्या आणि ते सांगतील ती डबी डोळे मिटून घ्या. त्यांनी दिलेला सल्ला चुकलेला माझ्या ऐकण्यात नाही. फक्त ते स्वतःसाठी कुठली बघतायत, हे विचारू नका. दुकान नऊला बंद होतं.